डॅफोडिल्स, भरताची वांगी आणि 'व्हेरी ब्युटिफुल'

पत्राचा सारांश: जळगाव जिल्ह्यातल्या एका गावी, मराठी माध्यमाच्या शाळेत या ताई नववी-दहावीला इंग्रजी शिकवतात. नववीच्या वर्गात ५८ मुलं आहेत. त्यांनी डॅफोडिलच्या फुलांवरच्या दोन इंग्रजी कविता, एक वर्ड्‌सवर्थची आणि एक हेरिकची, झेरॉक्स करून दिल्या आणि तुलना लिहायला सांगितली. बहुतेकांनी आधी पहिलीचा सारांश लिहिला, मग दुसरीचा, आणि शेवटी 'बोथ पोएम्स आर व्हेरी नाइस'. वर्णनासाठी 'अवर व्हिलेज मार्केट' हा विषय दिला, तर चाळीसेक वह्यांत गाइडमधला एकच परिच्छेद उतरला. मुख्याध्यापक म्हणतात, तुलना बोर्डाला येत नाही, तास कशाला घालवता? शेजारच्या वर्गाचे सर म्हणतात, आधी ग्रामर पक्कं करा. ताईंचे तीन प्रश्न आहेत: हे सगळं सोडून द्यावं का, पाठ करायला तयार साचा द्यावा का, आणि इंग्रजीच्या तासाला मराठी-अहिराणी चालू द्यावी का.

ताई,

तुमच्या पत्रात एक तक्रार शब्द बदलून तीनदा आली आहे: मुलांचं इंग्रजीच कच्चं, म्हणून तुलना जमत नाही. ते कच्चं असेलही. पण तुलना त्याच्यामुळेच अडली आहे, हे कशावरून? एका तासात तपासून बघा. मुलांना पाठ असलेल्या कुठल्याही दोन मराठी कविता घ्या आणि त्यांची तुलना मराठीत लिहायला सांगा. तिथेही 'पहिल्या कवितेत कवी म्हणतो... दुसऱ्या कवितेत कवी म्हणतो... दोन्ही कविता मला आवडल्या' असंच आलं, तर दुखणं इंग्रजीचं नाही. तुलना म्हणजे काय करायचं, हे त्यांना कुणी दाखवलेलंच नाही. माझा अंदाज तोच आहे.

'तुलना करा' या सूचनेत मुलाला हातात धरायला काहीच मिळत नाही. दोन कवितांमध्ये शंभर गोष्टी वेगळ्या असतात. त्यातली कुठली उचलायची हे कळत नसलं, की मूल सगळंच लिहायला घेतं, आणि सगळं लिहायचं म्हणजे सारांश. बाजाराच्या वर्णनाचंही तेच झालंय. अख्खा बाजार एका पानात मावत नाही, म्हणून तो 'व्हेरी क्राउडेड अँड व्हेरी ब्युटिफुल' होतो. तुम्ही या दोन गोष्टींचे दोन वेगळे प्रश्न केले आहेत. मला तो एकच दिसतो: मुलांना निवड करता येत नाही. त्यामुळे इलाजही बराचसा एकच आहे.

तुम्ही निवडलेली जोडी उत्तम आहे, ती बदलू नका. फक्त तिच्यात शिरायचं दार लहान करा. फुलांची ओळख करून देण्यात तास घालवू नका. पिवळं, मध्ये भोंग्यासारखा भाग असलेलं, थंडी सरताना उमलणारं, कांद्यासारख्या कंदातून येणारं फूल, एवढं सांगून मोबाइलवरचा एक फोटो फिरवला की झालं. शब्दांचंही तसंच. फळ्यावर आठच शब्द लिहा, ज्यांच्यावाचून अडतंच असे: व्हेल्स, होस्ट, जोकंड, पेन्सिव्ह, हेस्ट, अटेन्ड (attained), ईव्हनसाँग, ड्यू. तीस शब्दांचे अर्थ उतरवून घेतले, की मुलांच्या लेखी कविता संपलेली असते.

मग दोन्ही कविता मोठ्याने वाचा आणि मुलांना पेन्सिलीने दोनच गोष्टी अधोरेखित करायला सांगा: सर्वनामं आणि क्रियापदं. अर्थ विचारू नका, नुसत्या रेघा. दहा मिनिटांत दिसू लागतं, की वर्ड्‌सवर्थकडे 'आय' आहे आणि फुलं 'दे' आहेत. हेरिककडे 'वी' आहे आणि फुलं 'यू' आहेत. एक जण फुलांबद्दल बोलतो, दुसरा फुलांशीच बोलतो. क्रियापदंही बघा. एकीकडे फुलं नाचतात, फडफडतात, माना उडवतात. दुसरीकडे रडणं, घाई करणं, थांबणं, मरणं, सुकणं. ही यादी सगळ्यात मागच्या बाकावरच्या मुलालाही करता येते. त्यासाठी कविता 'समजावी' लागत नाही. समज त्या यादीतून येते.

इथे शेजारच्या सरांनाही उत्तर आहे. वर्ड्‌सवर्थची कविता बहुतेक भूतकाळात आहे आणि शेवटच्या कडव्यात वर्तमानकाळात येते. फुलं तेव्हा पाहिली, पण कोचावर पडलं की ती आजही डोळ्यांपुढे येतात. हेरिक बोलतो तो सगळा आत्ता, फुलांच्या तोंडावर. म्हणजे काळ कशासाठी बदलतो, हे ग्रामरच्या पुस्तकापेक्षा इथे जास्त स्वच्छ दिसतं. 'आधी ग्रामर, मग कविता' हा क्रम मला कधीच पटलेला नाही. 'आधी' कधी संपतच नाही.

दुसऱ्या तासाला एकच प्रश्न फळ्यावर लिहा: फूल टिकतं असं कुठल्या कवीला वाटतं? 'साम्य आणि फरक लिहा' असं म्हणू नका. साम्य-फरकाचा दोन रकान्यांचा तक्ताही सुरुवातीला नको. मुलं तो इमानेइतबारे भरतात आणि भरून झाला की तिथेच थांबतात. 'पहिलीत चार कडवी, दुसरीत दोन', 'पहिलीत २४ ओळी, दुसरीत २०'. खरं आहे, पण पुढे काय? एका प्रश्नाला बांधलेला फरक मात्र कुठेतरी नेतो.

रसग्रहण पाठ करून आलेली मुलं इथे हमखास लिहितात, 'दोन्ही कवितांत सिमिली आहे.' बरोबर आहे, आणि रसग्रहणात अलंकाराचा गुणही मिळेल. तुलना मात्र तिथून सुरू होते. वर्ड्‌सवर्थ त्या फुलांच्या रांगेला आकाशगंगेतल्या ताऱ्यांची उपमा देतो. हेरिक उन्हाळ्यातल्या पावसाची आणि सकाळच्या दवाची. तारे उद्या रात्रीही असतात, दव दहा वाजता नसतं. एवढं मुलांना सांगू नका, विचारा: 'यातलं उद्या रात्री काय सापडेल?' वैशाखाचं ऊन माहीत असलेल्या खानदेशी मुलाला दवाचं काय होतं ते शिकवावं लागत नाही. एखादी चलाख मुलगी म्हणेल, मॅडम, वर्ड्‌सवर्थनं ढगाचीही उपमा दिलीय, ढग कुठे टिकतो? तिला शाबासकी द्या आणि परत प्रश्न करा: ढग कोणाला म्हटलंय, फुलांना की स्वतःला? भटकून निघून जाणारा माणूस आणि जागेवर राहणारी फुलं. ही चर्चा पंधरा मिनिटं चालली तर चालू द्या, त्या दिवशी लिहिणं झालं नाही तरी हरकत नाही.

आवाजाकडेही कान द्यायला लावा. हेरिकच्या कवितेत मध्येच दोन शब्दांच्या ओळी येतात, 'स्टे, स्टे' किंवा 'हॅज रन'. मोठ्याने वाचताना तिथे श्वास तुटतो. वर्ड्‌सवर्थच्या ओळी जवळपास सारख्या लांबीच्या, झुलत जाणाऱ्या. अर्ध्या वर्गाने एक आणि अर्ध्याने दुसरी वाचली, तर छंदाचं नाव न घेता फरक ऐकू येतो. छंदाची नावं नववीला नकोत, निदान या टप्प्यावर.

आता लिहिणं. पहिल्या तीन वाक्यांपुरता एक कडक नियम ठेवा: प्रत्येक वाक्यात दोन्ही कवींची नावं आलीच पाहिजेत. सारांश मोडायला याहून सोपा उपाय नाही. 'वर्ड्‌सवर्थ टॉक्स अबाउट द फ्लॉवर्स, बट हेरिक टॉक्स टू देम.' 'इन वर्ड्‌सवर्थ्स पोएम द फ्लॉवर्स डान्स, व्हाइल इन हेरिक्स दे हरी अवे.' जोडशब्द दोनच द्या, 'बट' आणि 'व्हाइल'. 'व्हेअरअ‍ॅज', 'ऑन द कॉन्ट्ररी', 'अ‍ॅज कम्पेअर्ड टू' ही मंडळी नंतर. नवीन जोडशब्द मिळाला की मुलं वाक्य त्याच्यासाठी रचायला लागतात. चौथ्या वाक्यात दोन्ही कवितांमधला एकेक शब्द अवतरणचिन्हांत यावा. शब्दच, अख्खी ओळ नको. अख्खी ओळ उतरवली की मुलाला वाटतं आपलं काम झालं. पाचव्या वाक्यात त्या शब्दामुळे फूल कसं दिसतं ते. पाच वाक्यं झाली की थांबायचं. पहिल्या महिन्यात याहून लांब तुलना मागू नका.

या नियमाचा एक तोटा आधीच सांगून ठेवतो. तीन-चार वेळा लिहिल्यावर परिच्छेद टेनिसच्या चेंडूसारखा इकडून तिकडे उडायला लागतो, आणि कुठल्याच कवितेत मुक्काम होत नाही. तसं दिसलं की नियम सैल करा: पहिलं आणि शेवटचं वाक्य दोघांचं, मधली दोन एकाची, मग दोन दुसऱ्याची. दहावीत जाईपर्यंत नियम विसरला तरी चालेल.

साच्याच्या तुमच्या प्रश्नाचं उत्तर इथेच येतं. साचा द्यावा का? वाक्याचा सांगाडा द्या, मत देऊ नका. 'बोथ पोएट्स लुक अ‍ॅट ___, बट ___' हे फळ्यावर लिहून देण्यात काही वावगं नाही. पहिल्यांदा इंग्रजीत मत मांडणाऱ्या मुलाला तेवढा आधार लागतो. रिकाम्या जागेत काय भरायचं तेही तुम्ही सांगितलंत, की ५८ वह्यांत एकच कवी आणि एकच मत दिसेल. सांगाडा हळूहळू काढत जा. पहिल्या वेळी तीन वाक्यांचा, पुढच्या वेळी एकाचा, मग फक्त 'बट'.

रसग्रहणाची गोष्ट वेगळी. दहावीच्या पेपरात कवितेच्या रसग्रहणाला शीर्षक, कवीचं नाव, यमकरचना, अलंकार आणि मध्यवर्ती कल्पना हे मुद्दे ठरलेले असतात. तिथे ठरलेला क्रम खुशाल पाठ करून घ्या, त्यात कमीपणा वाटून घेऊ नका. पण या पाचांपैकी पाठांतर शेवटी कुठे तोकडं पडतं ते बघा. नाव, यमक, अलंकार शोधून सापडतात. मध्यवर्ती कल्पना दोन-तीन वाक्यांत स्वतःच्या शब्दांत लिहावी लागते, आणि गाइडची भाषा तिथेच उघडी पडते. मुख्याध्यापकांशी बोलताना हेच सांगा. तुलना पेपरात येत नाही, हे त्यांचं म्हणणं खरं आहे, त्यावर वाद घालू नका. फूल टिकतं की जातं, हे दोन कविता शेजारी ठेवून ओळखलेल्या मुलाला कुठल्याही एका कवितेची मध्यवर्ती कल्पना लिहायला जड जात नाही. वर्णनाचा सराव बातमी आणि गोष्ट लिहिण्याच्या प्रश्नांना कामी येतो. आणि मागा किती? पंधरवड्यातून एक तास. रोजच्या तासांतून पाच-पाच मिनिटं चोरण्यापेक्षा एक मोकळा तास बरा. दहावीच्या वर्गाला मात्र पूर्वपरीक्षेच्या आधीच्या दिवसांत हे काहीही सुरू करू नका.

तुलनेकडून वर्णनाकडे जायला याच कवितेत एक वाट आहे. ती फुलं वर्ड्‌सवर्थनं १५ एप्रिल १८०२ रोजी अल्सवॉटर तळ्याकाठी पाहिली, आणि तेव्हा त्याची बहीण डोरोथी सोबत होती. तिनं तो दिवस आपल्या रोजनिशीत लिहून ठेवला. कविता लिहिली गेली त्यानंतर दोन वर्षांनी. डोरोथीच्या टिपणात शेवाळलेले दगड आहेत. काही फुलं दमून त्या दगडांवर उशीवर टेकवावं तसं डोकं टेकवून आहेत, बाकीची डोलतात, नाचतात, वाऱ्यासोबत हसल्यासारखी वाटतात. कवितेत दगड नाहीत, दमलेलं फूल नाही, आणि बहीणही नाही. कवी तर एकटाच भटकतोय. वर्गाला हे दोन-तीन वाक्यांत सांगा आणि विचारा: भावानं काय गाळलं, आणि का? दमलेली फुलं ठेवली असती तर कवितेचा शेवट तसाच झाला असता का? हा प्रश्न मराठीत चर्चेला घ्या. वर्णन म्हणजे दिसेल ते सगळं लिहिणं नाही, हे सांगून कोणाला पटत नाही. इथे ते दिसतं.

याहून छोटा प्रयोगही याच कवितेवर करता येतो. १८०७ मध्ये ती पहिल्यांदा छापली गेली तेव्हा फुलं 'डान्सिंग' होती. १८१५ मध्ये कवीनं तो शब्द बदलून 'गोल्डन' केला, ताऱ्यांचं कडवंही तेव्हाच घातलं. दोन्ही ओळी फळ्यावर लिहा आणि हात वर करायला सांगा: कोणाला कुठली आवडली? कारण द्यायचं. 'नाचणं पुढे येणारच आहे, मग इथे रंग आला तर बरं' असं कोणी म्हणेल. 'नाच काढला तर ती नुसती फुलं होतात' असंही कोणी म्हणेल. दोन्ही बरोबर. दहा मिनिटांत एक शब्द जोखला गेला, आणि हीच सगळ्यात लहान तुलना आहे. पहिला तास खरं तर इथूनच सुरू केलात तरी चालेल.

वर्णनासाठी मात्र आधी आपल्याच जिल्ह्यातल्या कवीकडे जा. बालकवी ठोमरे धरणगावचे, जन्म १८९०. त्यांची 'औदुंबर' आठ ओळींची आहे. मुलांनी ती ऐकलेली असेल किंवा नसेल, पाच मिनिटांत वाचून होते. डोळा कसा फिरतो ते बघायला सांगा: झरा, टेकडीकडचं गाव, पुढे शेतं, त्यातून जाणारी पायवाट, डोह, आणि शेवटी पाण्यात पाय टाकून बसलेलं झाड. सगळं एका वाटेनं. रंग मोजा: निळासावळा, हिरवा, पांढरा, काळा. आणि 'सुंदर' हा शब्द शोधायला लावा. तो नाही. मूल आठ ओळी दोनदा चाळतं आणि हसायला लागतं. 'व्हेरी ब्युटिफुल' वह्यांतून जायला तिथून सुरुवात होते.

मग विषय द्या. 'अवर व्हिलेज मार्केट' देऊ नका, 'अ रेनी डे' तर मुळीच नको. या विषयांचे परिच्छेद छापून तयार आहेत, आणि मुलांना ते सापडतात यात त्यांची चूक नाही. गाइडमध्ये नसलेला विषय द्या. भरताची वांगी भाजणं घ्या. हिवाळ्यात तुमच्या वर्गातल्या जवळपास प्रत्येकानं ते पाहिलेलं असतं: शेतात कपाशीच्या वाळक्या काड्या पेटवायच्या, वर हिरवी मोठी वांगी. रावेर-सावद्याकडची मुलं असतील तर केळीचे घड ट्रकमध्ये भरतानाची दहा मिनिटं. भुसावळची असतील तर गाडी फलाटावर थांबते ती दोन मिनिटं. जागा लहान आणि वेळ थोडा, एवढं सांभाळा.

घरून बारा गोष्टी टिपून आणायला सांगा. मराठीत, अहिराणीत, तावडी किंवा लेवा बोलीत, ज्या भाषेत बघितलं त्या भाषेत. वर्गात त्यातल्या सात खोडायच्या. इथे मुलं कळवळतात, खोडू द्या. उरलेल्या पाचांपुढे एकेक क्रियापद लिहायचं, विशेषण नाही. वांगं काय करतं? साल काय करते? धूर काय करतो? मग क्रम ठरवायचा, आधी-नंतर किंवा लांबून-जवळ, दोन्हींची भेसळ नको. आणि मगच इंग्रजी, ऐंशी ते शंभर शब्द. एकच काळ. 'वॉज', 'टर्न्ड', 'क्रॅक्ड' असे भूतकाळी शब्द फळ्याच्या कोपऱ्यात लिहून ठेवा, कारण तिसऱ्या वाक्याला 'इज' परत येतंच.

फरक किती पडतो, ते बघा. आधीचा नमुना असा येईल:

'लास्ट संडे वी वेंट टू अवर फार्म. वी मेड भरीत. इट वॉज व्हेरी टेस्टी. द सीन वॉज व्हेरी ब्युटिफुल. एव्हरीबडी वॉज व्हेरी हॅपी.'

पाच गोष्टी, पाच क्रियापदं आणि क्रम ठरल्यावर, त्याच मुलाला याच्या आसपास येता येतं:

'द ड्राय कॉटन स्टिक्स बर्न्ट फास्ट. फर्स्ट द ग्रीन स्किन टर्न्ड ब्राउन, देन ब्लॅक. इट क्रॅक्ड निअर द स्टेम अँड स्टीम केम आउट विथ अ हिस. माय अंकल डिड नॉट टच इट टिल द हिस स्टॉप्ड. देन ही पील्ड इट विथ वेट फिंगर्स.'

दुसऱ्या नमुन्यात एकही अवघड इंग्रजी शब्द नाही. 'हिस' तेवढा नवा, तो तुम्ही द्यायचा. मुलगा वहीत 'सुर्र आवाज' लिहून आणेल, तुम्ही इंग्रजी शब्द सांगायचा. मराठी-अहिराणी चालू द्यावी का, या तुमच्या तिसऱ्या प्रश्नाचं उत्तर हेच. बघणं आणि बोलणं घरच्या भाषेत, शेवटचं लिहिणं इंग्रजीत. बघणंही इंग्रजीतच करायला लावलंत, तर मुलाला इंग्रजीत जेवढं येतं तेवढंच दिसेल. नंदुरबारकडच्या वाचक शिक्षकांनी हे आणखी जपावं. घरी भिली किंवा पावरी बोलणाऱ्या मुलाला मराठीसुद्धा शाळेतच भेटलेली असते, त्याच्या टिपणाला वर्गात कोणी हसता कामा नये. आणि ज्या गोष्टीला इंग्रजीत नावच नाही तिचं नाव तसंच ठेवायचं. भरीत ज्या लाकडी बडगीत कुटतात ती 'बडगी'च लिहायची, पुढे चार शब्दांत 'अ डीप वुडन व्हेसल' म्हणून सांगायचं. 'भरीत'चं 'मॅश्ड ब्रिंजल करी' केलं की कुटण्याचा आवाजही गेला आणि चवही गेली.

बंदी असलेल्या शब्दांची यादी लावायची असेल तर चारच शब्द: ब्युटिफुल, नाइस, गुड, व्हेरी. बंदी घातल्यावर आठवडाभरात 'मॅग्निफिसंट' आणि 'एन्चँटिंग' अवतरतात, ते गाइडच्या दुसऱ्या पानावरून. त्यांवर बंदी वाढवत बसू नका, तो पकडापकडीचा खेळ होतो. समासात एवढंच लिहा: 'काय दिसलं?' पंचेंद्रियांच्या तक्त्याबद्दलही जपून. डोळे, कान, नाक, जीभ, त्वचा असे पाच रकाने दिले, की 'आय सॉ, आय हर्ड, आय स्मेल्ट' अशी पाच वाक्यं रांगेत उभी राहतात. टिपणं काढताना तक्ता ठीक आहे, लिहिताना तो बाजूला ठेवायला लावा.

५८ वह्यांचं काय, हे तुम्ही विचारलं नाहीत, पण सगळं अडतं तिथेच. सगळ्या चुका लाल करू नका. एका खेपेला एकच गोष्ट तपासा. पहिल्या खेपेला फक्त क्रियापदं: काळ बरोबर आहे का, आणि 'वॉज'शिवाय दुसरं क्रियापद आहे का. आर्टिकल्स पुढच्या खेपेला. तुलनेच्या परिच्छेदात फक्त दोन्ही नावं आणि अवतरणातले शब्द बघा. दर खेपेला दहा वह्या घरी न्या, बाकीच्या मुलांनी शेजाऱ्याच्या वहीत एक रेघ मारायची: मला सगळ्यात स्पष्ट दिसलं ते वाक्य. सहा खेपांत सगळ्यांच्या वह्या तुमच्या हातून जातात. तास ३५ मिनिटांचा असेल तर वाटणी साधारण अशी: पाच मिनिटं वाचन, दहा चर्चा, बारा लिहिणं, उरलेल्या वेळात दोन-तीन परिच्छेद मोठ्याने. एक बाक मागे वळवून चौघांचे गट करा. सहाच्या गटात दोघे लिहितात आणि चौघे बघतात.

राहिली ती मुलं, ज्यांना नववीतही इंग्रजी वाक्य उभं करता येत नाही. प्रत्येक वर्गात अशी मुलं असतातच, त्यांच्यासाठी वेगळी वर्कशीट काढत बसू नका. तुलनेच्या तासाला त्यांनी प्रत्येक कवितेतला एकच शब्द निवडायचा, तो जसाच्या तसा उतरवायचा, मध्ये 'बट' लिहायचं: 'डान्स, बट वीप.' हा शब्द का घेतला, ते मराठीत तोंडी सांगायचं. पुढच्या खेपेला त्याच दोन शब्दांपुढे कवींची नावं: 'वर्ड्‌सवर्थ डान्स, बट हेरिक वीप.' त्याच्या पुढच्या खेपेला फुलं नाचतात आणि कवी रडतो, एवढं लक्षात आणून देऊन वाक्य दुरुस्त करायचं: 'वर्ड्‌सवर्थ्स फ्लॉवर्स डान्स, बट हेरिक वीप्स.' वर्णनाच्या तासाला बारापैकी तीनच गोष्टी आणि तीनच वाक्यं, पण 'काय दिसलं?' हा प्रश्न त्यांनाही तोच. आणि वर्गात मोठ्याने वाचायला निवडताना यांच्यातल्या एकाचं वाक्य दर तासाला असू द्या.